दुहेरी घडीची मलमल

भगवतीदेवींच्या घरात दिवस दोनदा मावळायचा. आधी त्यांचा. वडीगोद्रीच्या हायवेपलीकडच्या कपाशीला सूर्य टेकायच्या आत त्या स्वयंपाकघरात एकट्या जेवायला बसत, वरून लोटीभर गाळलेलं पाणी पीत, आणि मग दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत तोंडात काही घालत नसत. चौविहाराचा हा नेम त्या शहागडच्या माहेराहून घेऊन आल्या होत्या. शांतिलालजींचा दिवस मावळायचा तो कापड दुकानाचं शटर खाली ओढल्यावर, नऊला, नाहीतर साडेनऊला. त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असे. तीन वर्षांपूर्वी दुकान पुतण्याच्या हवाली केलं, तरी ते दुकानाच्या ओट्यावर नऊपर्यंत बसायचेच. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत दोघांनी संध्याकाळचा घास एका वेळी तोडला असे दिवस एका हाताच्या बोटांवर मोजून झाले असते.

पण रविवार दोघांचा होता. रविवारी सकाळी शांतिलालजी पांढरी गाडी बाहेर काढायचे. गाडी चौदा वर्षांची, पण अंगावर ओरखडा नाही. भगवतीदेवी शेजारी बसायच्या, मांडीवर खाकऱ्याचा डबा; परतायला रात्र व्हायची, म्हणून संध्याकाळचं खाणं बरोबर. अंबड ओलांडून जालना. तिथं त्या जैन स्थानकात साध्वीजींचं प्रवचन ऐकायच्या आणि शांतिलालजी कापडबाजारात जुन्या दोस्तांकडं गाद्यांवर लोळायचे. येता-जाता मिळून अडीच-तीन तास दोघं शेजारी-शेजारी. घरात मारवाडी, गल्लीत मराठी आणि भांडणात दोन्ही, असं त्यांचं बोलणं. गाडीत मात्र ते बहुतेक गप्पच असायचे. शांतिलालजी दातांमधून काहीतरी गुणगुणायचे, आणि भगवतीदेवी बाहेरची रानं बघता बघता त्या गुणगुणण्यावर कान ठेवून बसायच्या.

या गाडीला शांतिलालजींशिवाय कुणाचा हात लागत नसे. पाणी, तेल, हवा, सगळं ते स्वतः बघायचे. वर्षातून एकदा, आषाढात, चातुर्मास लागायच्या सुमारास, अंगणात जुनं वर्तमानपत्र अंथरून ते एअर फिल्टर बदलायचे. मिस्त्रीकडं जायचं नाव नाही. "चार क्लिपा काढायच्या, चार लावायच्या. त्याला कशाला पायजे मिस्त्री?" कापडाचा तागा उलगडावा तशा हलक्या हातानं ते बॉनेट उघडायचे, काळ्या डब्याच्या क्लिपा सोडवायचे आणि आतलं फिल्टर वर्तमानपत्रावर ठेवायचे.

यंदाच्या आषाढात भगवतीदेवी चहा घेऊन आल्या तेव्हा ते जुनं फिल्टर उन्हात पडलं होतं. कागदाच्या घड्याच घड्या, त्यात मातकट धूळ, आणि त्या धुळीत पंख. पाखरांचे नव्हेत, पतंगांचे. एक मधमाशी, तीन-चार किडे, आणि एक नाजूक हिरवा टोळ, पाय दुमडून बसल्यासारखा.

"हे काय हो?" त्यांनी विचारलं.

"हवा जाती ना इंजिनात. तिच्यासंगं येतात बिचारे." शांतिलालजींनी पुढच्या जाळीमागं बोट दाखवलं. तिथं मुठीएवढ्या नळीचं तोंड होतं. "हितून हवा घेती, या डब्यात गाळती, मंग इंजिनाला देती. माणसासारखंच आहे, नाक आहे समज."

भगवतीदेवींनी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांच्याकडून पोळ्या करपल्या.

लहानपणी शहागडला गोदावरीचं पाणी घागरीत घ्यायचं तर आधी घागरीच्या तोंडाला कापड लावायचं, दुहेरी घडीचं. पाणी गाळून झालं की कापड उलटं करून, त्यावर गाळलेलंच पाणी ओतून, कापडावर राहिलेला जीव परत नदीला द्यायचा. विहिरीचं पाणी असेल तर विहिरीला. आई त्याला जिवाणी म्हणायची. कापड कधी पिळायचं नाही, झटकायचं नाही. पाच वर्षांची भगवती घाटाच्या पायरीवर वाकून ते कापड पाण्यात असं सोडायची, जसं कुणी झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतं. आज घरात नळ होता, टाकी होती, तरी नळाच्या तोंडाला गाळणं बांधलेलं होतंच. आणि दर रविवारी, धर्माचं ऐकायला जाताना, त्यांच्या पायांपासून दोन हातांवर हे असं चाललं होतं.

दुपारी झुंबरबाई आली. झुंबरबाई शेजारच्या वस्तीवरची, वयानं बरोबरीची. आधी दूध घालायला यायची, आता म्हशी लेकानं विकल्या तरी येण्याचा परिपाठ राहिला होता. भगवतीदेवी ओसरीवर मलमलीचा तुकडा घेऊन बसल्या होत्या.

"भाभी, नळाला तर परवाच नवं बांधलं की."

"हे नळाचं न्हाई. गाडीचं."

झुंबरबाईनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "गाडी पानी पिती व्हय?"

"हवा पिते. हवेत जीव असतात, झुंबर. ते आत जाऊन मरतात. मी डोळ्यांनी बघितले."

झुंबरबाई हसणार होती, पण मैत्रिणीचा चेहरा बघून तिनं हसू गिळलं. भिंतीला टेकून बसली, आणि टाके पडायला लागले तसं तिच्या तोंडून आपोआप काहीतरी जुळत गेलं, जात्यावर बसल्यावर तिच्या आईच्या तोंडून जुळायचं तसं:

"वारा सुटला गं बाई, माझ्या पदराशी झोंबं,
पदर जुनेर जुनेर, वाऱ्या दारामंदी थांबं."

शांतिलालजी जेवून आडवे झाले, तेव्हा दोघीजणी पाय न वाजवता अंगणात गेल्या. स्टिअरिंगखालची पट्टी ओढायची हे भगवतीदेवींनी कितीदा तरी पाहिलं होतं. पण बॉनेट उघडून टेकू कुठला द्यायचा ते काही सापडेना. शेवटी झुंबरबाईनं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं, पेंढीचा भारा धरावा तसं. "जल्दी करा भाभी. शेठ उठले तर म्हनतील, दोन म्हाताऱ्या गाडी चोरून राह्यल्या." भगवतीदेवींनी नळीच्या तोंडावर दुहेरी मलमल चढवली आणि परकराच्या नाडीनं आवळून सुरगाठ मारली. त्यांना एकदम हलकं वाटलं.

नवऱ्याला सांगितलं नाही. लपवायचं होतं असंही नाही. ते हसले असते एवढंच, आणि या गोष्टीवर कुणी हसलेलं त्यांना नको होतं.

श्रावण, भादवा बरा गेला. नवरात्रानंतर काहीतरी बिनसायला लागलं.

आधी शांतिलालजींचं गुणगुणणं बंद पडलं. मग ते चढ आला की पुढं झुकायला लागले, जसं आपण झुकल्यानं गाडीला मदत होईल. गाडीचा पिकअप गेला होता. पाय दाबला तरी गाडी विचार करत बसायची. त्यात हे दिवस धुळीचे; जिनिंगकडं कापसाच्या गाड्या, कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या, रस्त्याच्या कडा उकरलेल्या. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जालन्याहून परत येताना, अंबड सोडल्यावरच्या चढाला, ते उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला निघाले आणि अर्ध्यावर गाडीनं दम टाकला. ना पुढं, ना मागं. समोरून ट्रकचे लाइट. ट्रकवाल्यानं कसा कोण जाणे ट्रक खाली घातला, आणि जाता जाता खिडकीतून ओरडला, "ओ बाबा, घरी बसा आता."

शांतिलालजींनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ हात स्टिअरिंगवरच होते. भगवतीदेवींनी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

"गाडीत काही न्हाई बिघडलं," ते शेवटी म्हणाले. "माझ्या पायात जोर न्हाई राह्यला. दाबतो म्हणतो, पण दाबला जात न्हाई. एकाहत्तर झाले ना."

त्या दिवसापासून ते रोज रात्री उजव्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळायला लागले. दिवा मालवून, बायकोला दिसू नये म्हणून. भगवतीदेवींना तेलाचा वास यायचा. त्या कूस बदलून झोपल्यासारखं करायच्या आणि अंधारात त्यांच्या तळहाताचा गुडघ्यावरून फिरण्याचा आवाज ऐकत राहायच्या.

दिवाळीला अंकित पुण्याहून आला. एकुलता एक मुलगा, चाळिशीचा, कंपनीत नोकरीला. ट्रकची गोष्ट पुतण्याकडून त्याच्या कानावर आधीच गेली होती. भाऊबीज झाल्यावर तो वडिलांजवळ बसला.

"पप्पा, गाडी मी घेऊन जातो. तुम्हाला कुठं जायचं असेल तर भाड्याची गाडी करत जा. पैसे मी देतो."

"पैशाचा सवाल न्हाई."

"मग कशाचा आहे?"

उत्तर भगवतीदेवींना ठाऊक होतं. भाड्याच्या गाडीत ते मागच्या सीटवर सामानासारखे बसले असते, आणि दोन रविवारांनी म्हणाले असते, तू जाऊन ये. मग त्याही गेल्या नसत्या.

"एकदा फिल्टर बदलून बघतो," शांतिलालजी म्हणाले. आवाज गिऱ्हाईकाला शेवटचा भाव सांगताना असतो तसा. "आषाढात बदलल्तं, पण यंदा धूळ फार. चोंदलं असंल. बदलून बी गाडी अशीच राह्यली, तर चावी तुझी."

"नक्की?"

"जबान दिली."

अंकितनं तालुक्याहून नवं फिल्टर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वर्तमानपत्र अंथरलं गेलं. झुंबरबाई दिवाळीच्या फराळाचा रिकामा डबा परत द्यायला आली होती, ती पायरीवरच टेकली. भगवतीदेवी स्वयंपाकघराच्या दारात नळाशी उभ्या होत्या. तिथून अंगण सरळ दिसायचं. त्या मनातल्या मनात नवकार मंत्र म्हणत होत्या. फिल्टर काळं निघू दे, मातीनं भरलेलं निघू दे.

शांतिलालजींनी बॉनेट उघडलं, टेकू लावला. डोळ्यांना मोतीबिंदूचा पडदा होता, पण डब्याच्या क्लिपा त्यांच्या बोटांना पाठ होत्या. एक, दोन, तीन, चार. झाकण वर झालं. त्यांनी फिल्टर उचललं आणि न बघताच अंकितच्या हातात दिलं.

अंकितनं ते उन्हाकडं धरलं. घड्यांच्या आरपार ऊन त्याच्या शर्टावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं.

"पप्पा," तो हळू म्हणाला, "हे तर नवंच आहे. धुळीचा कण नाही."

"दाखव."

त्यांनी हाताळून पाहिलं. घड्यांवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. कोरं. मग नवं फिल्टर तसंच खोक्यात ठेवलं, जुनंच परत डब्यात बसवलं, क्लिपा लावल्या. घाई नाही, काही नाही. सदऱ्याच्या खिशातून चावी काढली आणि अंकितच्या तळहातावर ठेवली.

"मी म्हणलं व्हतं ना तुझ्या आईला. पायच आहे माझा."

ते पायरीवर बसले. झुंबरबाई थोडी सरकली. जिंकलेल्या माणसाचा नसतो तसा चेहरा करून अंकित चावीकडं बघत उभा होता.

भगवतीदेवींनी हाताला काहीतरी काम हवं म्हणून नळ सोडला. पाणी येईना. आलं ते दोऱ्याएवढं. टाकी तळाला गेली की गाळ यायचा, आणि रोज सकाळी त्या नळाचं गाळणं सोडवून धुवायच्या. आज फिल्टरच्या नादात धुवायचं राहिलं होतं. एक दिवस. एका दिवसात नळाचा दोरा झाला होता.

त्यांचा हात नळावरच राहिला.

आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. चार महिने. गाडीचं गाळणं त्यांनी एकदाही सोडवलं नव्हतं, एकदाही धुतलं नव्हतं. बांधलं आणि पुण्य झालं म्हणून विसरून गेल्या. चोंदायचं होतं ते फिल्टर कशानं चोंदणार? त्याच्यापर्यंत धूळ पोचलीच नव्हती. हवाही पोचली नव्हती.

त्यांनी मान वर केली. अंगणात पायरीवरून झुंबरबाई त्यांच्याकडंच बघत होती. तिच्याही ध्यानात आलं होतं. ती तोंड उघडणार, एवढ्यात भगवतीदेवींनी मान हलवली. हे दुसऱ्या कुणी सांगायचं नव्हतं.

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं काही बिघडवलं होतं ते मीठ जास्त पडण्याइतकं. आणि आता आठ-दहा दिवस झाले, एक माणूस रात्री अंधारात स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळत होता, कारण बायकोनं एक गाठ मारली होती. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? न सांगावं तर? कापड आज दुपारी गुपचूप काढून टाकता येईल. गाडी सुधारेल. पण गाडी पुण्यात सुधारलेली असेल, आणि हा माणूस इथं, म्हातारा होऊन.

त्या ओल्या हातानंच अंगणात आल्या. शांतिलालजींच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्."

शांतिलालजींनी वर पाहिलं. हे शब्द वर्षातून एकदा, संवत्सरीला, एकमेकांची माफी मागताना म्हणायचे. ते भादव्यातच म्हणून झाले होते.

"आता? कार्तिकात?"

"भादव्यात मला माहीत नव्हतं. तुमच्या पायाला काही झालं न्हाई. गाडीचं तोंड मी बांधलंय."

"काय बांधलं?"

"गाळणं. आषाढात. तो हिरवा टोळ बघितला ना, त्या दिवशी."

"अन् बॉनेट म्या धरल्तं," झुंबरबाई म्हणाली. "भाभी एकल्या न्हाईत ह्यात."

अंकित आधीच वाकला होता. जाळीच्या मागं हात घालून चाचपत होता. "इथं काहीतरी आहे. मला वाटलं नळीच आहे ही काळी."

"थांब," शांतिलालजी म्हणाले. "मी काढतो."

ते उठले. दोन बोटांनी नाडीचं टोक शोधलं, ओढलं. सुरगाठ एका झटक्यात सुटली. हातात आलं ते कापड वाटतच नव्हतं. धुळीनं, डिंकासारख्या कशानं तरी कडक झालेलं, चपलेच्या तळव्यासारखं काळं. त्यांनी ते अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळलं, आयुष्यभर दुकानात गिऱ्हाइकासमोर चोळायचे तसं. कड आतून अजून पांढरी होती.

"ही तर आपल्या दुकानची मलमल."

"हो. शेवटच्या ताग्यातली."

"दुहेरी घडी घातली?"

"नेम दुहेरीचाच आहे."

शांतिलालजी बराच वेळ त्या कापडाकडं बघत राहिले. भगवतीदेवींना त्यांचा चेहरा वाचता येईना, आणि हे त्यांना फार दिवसांनी होत होतं. मग त्यांनी आपला उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटला. हळू, परीक्षा घेतल्यासारखा.

"म्हंजे पाय माझा ठीक आहे."

"बिलकुल ठीक आहे," भगवतीदेवी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

"रडू नको. मला आधी हे सांग, तू गाडीच्या तोंडाला मुहपत्ती बांधली, तर दीक्षा कोणी दिली तिला? साध्वीजींना इचारलं व्हतं?"

झुंबरबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसताना तोंडावर बांधायची ती पांढरी पट्टी तिनं भाभींच्या तोंडावर रोज पाहिली होती. अंकितलाही हसू आलं, पण त्यानं वडिलांकडं पाहिलं आणि ते आवरलं, कारण वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तरीच म्हणलं," शांतिलालजी पुढं म्हणाले, "गाडी उपास करून राह्यली आन् मी माझ्या गुडघ्याला तेल पाजून राह्यलो."

"मला वास यायचा," भगवतीदेवी म्हणाल्या.

"येऊन बी बोलली न्हाई."

"तुम्ही दिवा मालवायचे ना."

शांतिलालजींनी कापड त्यांच्या हातात दिलं. भगवतीदेवींनी ते तळहातावर पसरलं. धुळीच्या थरात पंखच पंख होते. पतंग, चिलटं, एक लाल ठिपक्यांचा किडा. आषाढात फिल्टरवर होते त्याच्या तिप्पट. त्यांना वाटलं होतं, कापडाला थडकून ते उडून जात असतील. कुणीच गेलं नव्हतं. वारा त्यांना तिथंच चिकटवून धरत होता, जीव जाईपर्यंत.

"मी कुणालाच वाचवलं न्हाई हो."

"पाण्यातला जीव तू नदीला परत देती," शांतिलालजी हळू म्हणाले. "वाऱ्यातला कुणाला देशील?"

त्या कुंपणाशी गेल्या आणि तुळशीच्या मागं, मऊ मातीत, ते कापड पालथं घालून ठेवलं. वरून पेलाभर गाळलेलं पाणी सोडलं. दुसरं काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं.

मागून शांतिलालजींचा आवाज आला. "अंकित, चावी दे. जबान मी दिल्ती गाडी न सुधारली तर. सुधारली का न्हाई ते चढावर कळंल."

दुपारी चारला चौघं निघाले. झुंबरबाईनं मागचं दार स्वतःच उघडलं. "गुन्ह्यात मी व्हते तर फैसल्याला बी येनार." अंकित पुढं बसला, भगवतीदेवी पहिल्यांदाच मागच्या सीटवर. त्यांना तिथून नवऱ्याची मान दिसत होती, कानामागचे पांढरे केस, आणि गिअरवरचा हात.

अंबडपर्यंत जाऊन गाडी परत फिरवली. चढाच्या पायथ्याशी दैव असं की पुढं उसाची ट्रॉली. भरलेली, डुलणारी. अंकितनं दाराच्या वरची मूठ धरली. शांतिलालजींनी आरशात पाहिलं, समोर पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी पाय दाबला.

गाडीनं विचार केला नाही. ती उचलली गेली. उसाची पाती खिडकीला घासल्यासारखी जवळून मागं गेली, ट्रॉली मागं राहिली, चढ संपला, आणि माथ्यावरून पुढं सगळा मुलूख दिसला, कपाशी फुटलेली, पांढरी, जणू कुणी रानावर ताग्यामागून तागा उलगडत गेलंय.

झुंबरबाई गाडीच्या आवाजावरच ताल धरून म्हणाली:

"वारा आला आला घरा, त्याला कोन आता अडं,
शेठ निघाले चढाला, ऊस ऱ्हाला पल्याडं."

पुढच्या सीटवरून दातांमधलं गुणगुणणं ऐकू आलं. भगवतीदेवींनी डोळे मिटले.

माथा मागं पडल्यावर अंकित म्हणाला, "पप्पा, गाडी ठीक आहे, तुम्ही पण ठीक आहात. पण त्या दिवशी अंधार पडला होता, हे पण खरं आहे. मोतीबिंदू काढेपर्यंत रात्रीची चालवू नका. एवढं तरी ऐका."

"सात वाजेपर्यंत बाजारात बैठक असती आमची. मधूनच उठून यायचं का?"

भगवतीदेवी मागून म्हणाल्या, "किडे पण लाइटलाच येतात. दिवसा काचेवर एवढे नसतात. मी बघितलंय."

शांतिलालजींनी आरसा थोडा फिरवला, त्यात बायकोचा चेहरा येईल असा.

"म्हंजे तुझ्यासारखंच गाडीला बी चौविहार."

"तसं समजा."

"सूर्य मावळायच्या आत घरी."

"आत."

त्यांनी गिअर बदलला. "दोस्त हसतील," म्हणाले. मग, "हसू दे. त्यांच्यातल्या दोघांना तर गाडी बी चालवता येत न्हाई."

चावी अंकितनं मागितली नाही. घरी आल्यावर नेहमीच्या खुंटीवर ती नेहमीसारखी लटकली. नवं फिल्टर पुढच्या आषाढासाठी कपाटात गेलं. अंकित दुसऱ्या दिवशी पुण्याला परतला, आणि जाताना त्यानं आईला एकच सांगितलं की गाडीला काही बांधायचं झालं तर आधी फोन कर.

पुढचा रविवार चातुर्मासातला शेवटचा होता. पौर्णिमेनंतर साध्वीजींचा विहार होणार, त्या पायी पुढच्या गावी निघणार, म्हणून स्थानकात गर्दी होती. चार वाजले असतील नसतील, बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. भगवतीदेवी बाहेर आल्या तर गाडी दारात, शांतिलालजी आत बसलेले, तोंडात कचोरीचा शेवटचा घास, चेहरा थोडा नाराज. दोस्तांबरोबरचा पत्त्यांचा डाव अर्ध्यावर सोडून आले होते. अंबडपर्यंत ते त्या डावाबद्दलच बोलत होते.

घरी पोचले तेव्हा सूर्य कपाशीच्या वर वीतभर होता. अंगणात गाडी लावून शांतिलालजी खाली उतरले, पुढच्या काचेवरून हात फिरवला, हात पाहिला आणि धोतराला पुसला. भगवतीदेवी आत गेल्या. सकाळीच करून ठेवलेली कढी गरम केली, खिचडी काढली, आपला पाट मांडला. वेळ थोडा होता. लोटी भरायला नळ सोडला. सकाळी धुतलेल्या गाळण्यातून पाणी भरधार आलं.

दारात सावली पडली.

"दुकानावर नाही गेलात?" त्यांनी विचारलं.

"आता सहा वाजायचेत. नऊपर्यंत तिथं काय करू?" शांतिलालजी चपला काढून आत आले. भिंतीशी उभा असलेला दुसरा पाट त्यांनी स्वतःच ओढला, आणि कुठं मांडायचा ते न कळून हातात धरून उभे राहिले. या घरात या वेळी आपली जागा कोणती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

भगवतीदेवींनी आपला पाट जरा खिडकीकडं सरकवला. शेजारी तेवढी जागा झाली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि जल्दी जेवा. सूर्य थांबत न्हाई."